न्यामवेराचं बेट

संस्थेने नकाशा कागदाऐवजी चांगल्या जाड कापडावर छापून आणला होता. चौघांनी चार टोकं धरून तो शाळेसमोरच्या मातीत पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कडांवर विटा ठेवल्या. निळा रंग म्हणजे पुराचं पाणी, तपकिरी म्हणजे कोरडी जमीन. शिरे नदीचं आमचं अख्खं खोरं निळं झालं होतं, आणि त्या निळाईत न्यामवेरा गावाच्या जरा खालच्या अंगाला भुईमुगाच्या शेंगेएवढा एक तपकिरी डाग होता.

“हे डॉक्टर खेम्बोंचं बेट,” तामांडा म्हणाली. तामांडा मदत संस्थेची अधिकारी. ब्लांटायर शहरात वाढलेली, चटपटीत, मनाने चांगली, पण एकदा ठरलं की ठरलं अशा स्वभावाची. “सगळं बुडालं तरी ही जागा वर राहते. पुढच्या पुरात तुमच्या भागाची बोट इथेच येणार, मक्याचा साठाही इथेच ठेवायचा. उद्या चौरस्त्यावर फलक लागेल. डॉक्टर, तुम्हीच सांगा ना. गाव तुमचंच आहे.”

गाव त्याचंच होतं. फात्सानी खेम्बो न्यामवेरात जन्मला, आणि आमच्यात आईचं गाव तेच माणसाचं गाव. पण बाप शाळामास्तर, त्याची बदली झाली तसा पोरगा लहानपणीच वर डोंगराकडे गेला, तिथे शिकला, मग परदेशी शिकला, आणि आता विद्यापीठात गणित शिकवत होता. डॉक्टर म्हणजे सुई टोचणारा नव्हे. पहिल्या दिवशी दोन म्हाताऱ्या गुडघे दाखवायला आल्या होत्या, त्यांना निराश होऊन परत जावं लागलं.

त्याचं काम पाण्याचं होतं, पण त्या पाण्याने कधी कुणाचा पाय ओला झाला नाही. संगणकात खोऱ्याचे बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाची उंची भरायची, मग नदी सोडायची. दर क्षणाला प्रत्येक चौकोन शेजारच्याला किती पाणी देतो, किती घेतो, याचा हिशोब यंत्र करत राहतं. ऐकायला सोपं. पण क्षण जरा मोठा धरला की हिशोब खुंट्याचं दावं तोडल्यासारखा उधळतो, पाणी आभाळाला टेकतं आणि यंत्र हात वर करतं. त्याला काबूत ठेवायची हातोटी ज्याला असते तो या धंद्यातला कसबी, आणि फात्सानी कसबी होता यात वाद नाही.

उंची मात्र त्याने स्वतः मोजलेली नव्हती. ती उपग्रहाकडून आली होती. उपग्रह वरून बघतो, त्याला जे आधी दिसेल ती त्याच्या लेखी जमीन. छप्पर असेल तर छप्पर, झाड असेल तर झाडाचा शेंडा. हे या विषयात पोरासोरांनाही ठाऊक असतं. फात्सानी पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना बजावायचा की झाडं वजा केल्याशिवाय पाणी सोडू नका. त्याने स्वतः सरकारी जंगलं एकूण एक वजा केली होती. उरलेल्या खोऱ्यासाठी त्याने शोधनिबंधात एक वाक्य लिहिलं होतं: खोऱ्याच्या तळात मोठी झाडं उरलेली नाहीत. परदेशातल्या तिघा तज्ज्ञांनी तो निबंध तपासला आणि त्या वाक्याला कुणी हरकत घेतली नाही. आमच्यातल्या कुणीही घेतली नसती. कुणालाही विचारा, तो म्हणेल, कसली झाडं, सगळ्यांचा कोळसा झाला.

आणि ते बेट त्याच्या फार लाडाचं होतं. पडद्यावर पूर सोडला की पाणी त्या बेटाशी येऊन दुभंगायचं आणि पलीकडे एकामागून एक भोवरे सुटायचे, एक डावा, एक उजवा. परिषदांमधून लोक त्याचे फोटो काढायचे. विद्यार्थी त्याला सरांचं बेट म्हणायचे आणि सर ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण सुखावायचे.

तर फात्सानी पुढे झाला. गाव गोल करून बसलं होतं, पुरुष बाकांवर, बायका चटयांवर. मधल्या खुर्चीवर गावाची मफुमू, म्हणजे प्रमुख, न्यामाले नावाची करारी बाई. तिच्या शेजारी फात्सानीचा सख्खा मामा वायसन, मांडीवर टोपी ठेवून.

“आधी दिशा समजून घेऊ,” फात्सानी म्हणाला. तो उकिडवा बसला आणि बोट ठेवत गेला. “हा डांबरी रस्ता. हे कापसाचं गोदाम. ही आपली शाळा, आपण आत्ता इथे बसलोय. हे चर्च. आणि चर्चच्या मागून ही जी पायवाट निघते…”

बोट तिथेच थांबलं.

चर्चच्या मागून एकच पायवाट निघते. ती शेताला जात नाही, नदीला जात नाही, कुणाच्या घराला जात नाही. लहानपणी त्या वाटेकडे बोट दाखवलं तर आई हातावर चापट मारायची. आमच्याकडे दफनभूमीतलं झाड कुणी तोडत नाही. फांदी पडली तरी ती तिथेच कुजते, सरपणाला आणत नाहीत. माती द्यायची असेल तेव्हाच तिथे पाऊल टाकायचं, एरवी नाही. म्हणून सगळं खोरं बोडकं झालं तरी प्रत्येक गावाची ती एक राई तेवढी उभी असते, गर्द, उंच. आणि तिला आम्ही झाडं म्हणत नाही. झाडं म्हटलं की आम्हाला ती आठवतच नाहीत.

अकरा मीटर उंचीचं ते बेट म्हणजे शेंडे होते. खाली जमीन शेताइतकीच सखल. आणि त्या शेंड्यांखाली त्याची आई होती.

आई गेली तेव्हा तो परदेशी होता, प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यात. फोनवर म्हणाला होता, मामा, तुम्ही उरकून घ्या, मी येतोच. तो मातीला आला नाही. नंतरही त्या वाटेने कधी गेला नाही. गेली दोन-तीन वर्षं आईच्या थडग्यावरून रंगीत भोवरे फिरवून तो परक्या देशांत टाळ्या घेत होता, आणि त्याला ठाऊकही नव्हतं.

“पायवाट कुठे जाते, डॉक्टर?” तामांडाने मदत केल्यासारखं विचारलं. राई तिथून दिसत नव्हती, गोदाम आड येत होतं.

“त्या… त्या बेटाकडे,” फात्सानी म्हणाला.

पण गावाला नकाशा वाचता आला होता. बायकांनी एकमेकींकडे न बघता कमरेला गुंडाळलेल्या चितेंगी, म्हणजे रंगीत कापडं, सारख्या केल्या. मागून नासिबेको आजीचा आवाज आला. ही आजी स्वतःच्या लग्नातही थट्टा करून उठली असेल.

“डॉक्टर, पूर आला की आम्ही तिकडं जायचं म्हणता?”

“हो, आजी.”

“बरं. माझा म्हातारा आधीच जाऊन बसलाय तिकडं. जागा धरून ठेवली असेल त्यानं. पण एक सांगते, तो काही बोटीत बसायचा नाही. पाण्याला भ्यायचा बाई फार.”

दोघी-तिघींनी तोंडात चितेंगीचा बोळा कोंबला. एका पुरुषाला खोकला आला. तामांडाही हसली, म्हातारीचा विनोद असावा म्हणून.

“नासिबेको, पुरे,” मफुमू म्हणाली. मग तिने फात्सानीकडे सावकाश पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. “आमच्या पोरानं एवढे कष्ट घेतले, एवढ्या लांबून आला. गाव आभारी आहे. नकाशा आम्ही ठेवून घेतो.”

आणि गावाने टाळ्या वाजवल्या. आमच्यात पाहुण्याच्या तोंडावर चूक काढत नाहीत, आणि आपल्याच पोराची चूक परक्यांदेखत तर मुळीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या टाळ्या फात्सानीला थोबाडीत बसल्यासारख्या लागत होत्या, आणि तो मान लववून त्या घेत होता.

सभा उठल्यावर त्याने तामांडाला बाजूला घेतलं.

“नकाशात थोडी दुरुस्ती करावी लागेल असं वाटतंय. फलक जरा थांबवता येईल का?”

“थांबवता? उद्या जिल्ह्याचे लोक गाडी घेऊन येतायत. बोटीचा आराखडा घेऊन ते दुपारी परत जाणार. पाऊस तोंडावर आलाय, डॉक्टर. काय चुकलंय?”

“चुकलं असं नाही. उंचीत थोडा फरक पडू शकतो.”

“थोडा ना? मग नंतर पाठवा,” तामांडा म्हणाली. “नाहीतरी तुमच्यासारखी माणसं कधीच समाधानी नसतात.”

फात्सानीने मान डोलावली. नंतर पाठवू, ही पळवाट त्याला आवडलीही. या धंद्यात चूक पुरायची एक सभ्य रीत आहे. विद्यापीठात परत जाऊन शांतपणे नवा नकाशा करायचा, त्याला सुधारित आवृत्ती म्हणायचं, जुना आपोआप मागे पडतो. कुणी विचारत नाही की आधी काय बिघडलं होतं. पण जिल्ह्याची बोट एकदा आराखड्यात बसली की पाऊस संपेपर्यंत हलत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. पूर आला तर माणसं शाळेच्या छपरावर चढतील, आणि बोट झाडांच्या शेंड्यांभोवती घिरट्या घालत राहील.

मामाच्या अंगणात बसून त्याने संगणक उघडला. निबंधातली बाकीची बेटं त्याने एकेक करून पाहिली. प्रत्येक बेट एखाद्या गावाजवळ, लांबट, चर्चपासून किंवा मशिदीपासून बरोबर त्याच अंतरावर. खोऱ्यातल्या यच्चयावत दफनभूमी त्याच्या गणिताने बिनचूक हुडकून काढल्या होत्या. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर तो पोट धरून हसला असता. त्याने संगणक मिटला आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे बघितलं.

दिवेलागणीला मामीने हात धुवायला पाणी दिलं, न्सिमाचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीचा, गोळा आणि म्लांबा माशाचं कालवण पुढे ठेवलं. मामाने दोन घास खाल्ले आणि मामीला शेजारून मीठ आणायला पिटाळलं. घरात मीठ होतं. मामीने मामाकडे पाहिलं, काही न बोलता वाटी उचलली आणि गेली.

“आज तू माझी लाज राखलीस, भाच्या,” मामा म्हणाला.

फात्सानीचा हात ताटातच राहिला. “मी?”

“तुला कुणी सांगितलं ते मी विचारत नाही. खणणाऱ्यांतल्याच कुणाच्या तरी पोटात राहिलं नसणार.”

“काय सांगितलं, मामा?”

“आता माझ्याच तोंडून वदवून घेणार आहेस का?” मामाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मामा गावातल्या कबर खणणाऱ्यांचा म्होरक्या. माती कुणाचीही असो, पहिली कुदळ त्याची. “बरं, ऐक. मोठा पूर आला त्या वर्षी पाणी तिथवर गेलं. आठवडाभर राहिलं. ओसरल्यावर आम्ही खणणारे तेवढे आत गेलो. उंचवटे नव्हते. क्रूस नव्हते. सगळं तव्यासारखं सपाट, वर नदीचा गाळ. तुझ्या आईला मी सिमेंटचा क्रूस केला होता, नाव माझ्या हातानं कोरलं होतं. तोही नव्हता. कुठली माझी बहीण फालेसी आणि कुठली दुसऱ्याची आई, काही कळेना.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मामा ती लांब जाईपर्यंत थांबला.

“आम्ही तिथंच आपसात शपथ घेतली. बाहेर येऊन सांगितलं, सगळं जागच्या जागी आहे, फक्त जागा आता भरली, यापुढची माती शाळेमागच्या टेकाडावर. तिथं मातीशिवाय कुणी जात नाही, मग कुणाला दिसणार? बायका निर्धास्त झाल्या. पण तू एक दिवस येशील आणि म्हणशील, मामा, आईकडं ने, याची मला धास्ती होती. तुझ्या आईचा भाऊ मी, तिला सांभाळायचं काम माझं. रोज वाट बघायचो. तू आला नाहीस, विचारलंही नाहीस. देवाचे आभार मानले मी, खोटं कशाला बोलू.”

मोठा पूर आला त्या आठवड्यात फात्सानी राजधानीत टीव्हीवर पूर समजावून सांगत होता. चांगला सूट घालून.

“आणि आज,” मामा म्हणाला, आणि त्याचा आवाज जड झाला, “सगळ्या गावादेखत, संस्थेच्या माणसांदेखत तू बोट ठेवून सांगितलंस की इथं पाणी पोचत नाही. एवढा शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर आता कोण शंका घेणार? मी तिथंच ओळखलं. याला सगळं कळलंय, आणि हा माझ्यावर पांघरूण घालतोय. बेट म्हणाला. फालेसीला बेटावर नेऊन ठेवली पोरानं. खरं ना?”

मामा त्याच्याकडे बघत होता. कितीतरी वर्षांत घरातल्या कुणी त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

“हो, मामा,” फात्सानी म्हणाला.

मामाने डोळे पुसले, आणि आपल्या ताटातला माशाचा मोठा तुकडा त्याच्या ताटात ठेवला. तो फात्सानीने खाल्ला. चुकीपेक्षा तो ‘हो’ वाईट होता, हे त्याला उच्चारताना कळलं होतं आणि तरी त्याने तो उच्चारला होता. आता खरं सांगायचं तर दोनदा नागवं व्हायचं, आणि आपल्याबरोबर या म्हाताऱ्यालाही उघडं पाडायचं. न सांगावं तर बोट शेंड्यांकडे जाणार. मामी मीठ घेऊन आली आणि मामाच्या चेहऱ्याकडे बघून हसली. तिला तो चेहरा आवडला होता.

सकाळी चौरस्त्यावर खड्डा तयार होता. जिल्ह्याची गाडी आली होती, सिमेंट कालवलं जात होतं. फलक आडवा टेकवून ठेवलेला, त्यावर मोठा बाण आणि खाली लिहिलेलं: पुरात इकडे चला. गाव पुन्हा जमलं होतं, कारण फुकटचं बघायला मिळतंय तर कोण सोडतो. मामा आज स्वच्छ सदरा घालून पुढे उभा होता. लोकांशी बोलत होता, एकदा हसलाही.

“तामांडा,” फात्सानी म्हणाला, “फलक लावू नका. त्या जागेच्या उंचीच्या आकड्यात दोष आहे.”

“किती?”

“काही मीटर.”

“अकरातून काही मीटर गेले तरी उरतातच की. दोन मीटर उरले तरी आम्हाला चालतील.”

“दोष मोठा आहे. म्हणजे, पृष्ठभागावरच्या आच्छादनामुळे मापनात…” त्याच्या लक्षात आलं की आपण पुन्हा शब्दांच्या मागे लपतोय. सिमेंट कालवणारे दोघे थांबून त्याच्याकडे बघत होते. मफुमू बघत होती. मामाकडे त्याने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तोंड उघडलं नसतं.

“ते बेट नाही,” तो मोठ्याने म्हणाला. “ती आपली दफनभूमी आहे. उपग्रहाला झाडांचे शेंडे दिसले आणि मी त्यांना जमीन समजलो. खाली जमीन शेताइतकीच खाली आहे. तिथे बोट पाठवू नका, मका ठेवू नका. तिथे पाणी येतं. मागच्या वेळीही आलं होतं, सगळं वरून गेलं.”

तामांडाचा हात तोंडाशी गेला. क्षणभर ती शहरातली अधिकारी राहिली नाही. तिच्याही आजोळी कुठेतरी अशी राई होती. “आणि बाकीची बेटं?” तिने हळूच विचारलं.

“सगळी तीच. आपल्याकडे उंच झाडं दुसरीकडे कुठे उरलीत?”

“डॉक्टर, अहो, तीन जिल्ह्यांना दिलाय तो नकाशा मी.” ती फोन काढून गाडीमागे गेली. तिचा आवाज ऐकू येत होता. कुणाला तरी ती पुन्हा पुन्हा सांगत होती की हो, दफनभूमी, हो, स्वतः तेच म्हणतायत. पलीकडचा माणूस हसत असावा, कारण ती म्हणाली, “हसू नका हो, सर.”

विद्यापीठात आता काय होईल, निबंधाचं काय, हे सगळं फात्सानीच्या डोक्यात येऊन गेलं, पण ते लांबचं होतं. जवळ गाव उभं होतं, आणि कुणीच हसत नव्हतं.

“वरून गेलं म्हणजे?” नासिबेको आजी पुढे आली. तिला काठी सापडत नव्हती, ती तशीच आली. “वायसन, तू तर सांगितलं होतंस सगळं जागच्या जागी आहे. माझा म्हातारा आहे ना रे जागेवर?”

मामाने डोक्यावरची टोपी काढली.

“वायसन. मी तुला विचारते.”

“नाही, आजी,” मामा म्हणाला. “कुणीच नाही जागेवर. सगळी माती एक झाली.”

आजी तिथेच रस्त्यात खाली बसली. एक बाई रडायला लागली, मग दुसरी, मग ते एकदम सगळीकडून सुरू झालं, जणू सगळी माणसं आजच गेली. खणणारे पुरुष वेगवेगळ्या दिशांना बघत उभे होते आणि त्यांच्या बायका त्यांच्याकडे. कुणी मामाला शिवी दिली नाही. दिली असती तर त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

मफुमू उठली. ती जिल्ह्याच्या माणसाला म्हणाली, “बोट शाळेच्या टेकाडाला लावा. नकाशात नसली तरी तेवढी एक जागा कोरडी असते, हे आम्हाला माहीत आहे.” मग फात्सानीला म्हणाली, “हे काल का नाही सांगितलंस?” आणि उत्तराला न थांबता बायकांमध्ये जाऊन मातीत बसली.

मामा चर्चच्या मागच्या वाटेने चालू लागला होता. फात्सानी त्याच्या मागे गेला. गोदाम ओलांडलं तशी राई समोर आली, काळीशार, सकाळच्या उन्हातही खाली अंधार धरून असलेली. कडेला पोचून मामा थांबला. आज कुणाची माती नव्हती, पुढे जायचं कारण नव्हतं.

“मामा, मला माफ करा.”

“काल ‘हो’ का म्हणालास?”

फात्सानीने मामाच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं.

“तुला माहीत नव्हतं,” मामा सावकाश म्हणाला. तो विचारत नव्हता, एकेक गोष्ट जागेवर लावत होता. “कुणीच सांगितलं नव्हतं तुला. तू मला वाचवायला बेट म्हणाला नाहीस. तुला खरंच ते बेट वाटलं.”

“हो.”

“आई आहे तिथं हे आठवलं नाही.”

“नाही, मामा. ओळखूच आलं नाही.”

मामाने मान हलवली. मग फात्सानी, कुणाच्या दारात गेल्यावर बसतात तसा, राईच्या कडेला गुडघे मोडून बसला आणि त्याने हलक्या हाताने टाळी वाजवली, थोरांना करतात तसा नमस्कार. पण तोंड कुठे करावं हे त्याला कळेना. त्याने मामाकडे पाहिलं. मामा हनुवटीने जागा दाखवायला गेला आणि अर्ध्यावर थांबला.

“लोक म्हणतात, पाणी कुठून कुठं जातं ते तुला कळतं,” मामा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोपी हातात घट्ट धरून तो खरोखर विचारत होता, एखाद्या दवाखान्याच्या खिडकीशी विचारावं तसं. “मग शोधून काढता येईल का रे? सिमेंटचा क्रूस होता. जड होता. फार लांब नाही जाणार. तुझ्या त्या यंत्राला विचारून एवढं सांग, कुठं नेली तिला?”

फात्सानीने त्या काळोखातल्या सपाट जमिनीकडे पाहिलं. जिथे बेट नव्हतं तिथे भोवरेही नव्हते. त्याच्या गणितात या ठिकाणी पाणी कधी आलंच नव्हतं.

“नाही, मामा,” तो म्हणाला. “ते मला येत नाही.”

मामाने टोपी घातली आणि तो रडणाऱ्या बायकांकडे परत निघाला. फात्सानी तिथेच बसून राहिला, हात जोडलेले, तोंड कुठेही न वळवता.